गाडी का लागते?

दिवाळीच्या सुट्टीत नेरुळहून निघालेलं कुटुंब पनवेल, महाड, पोलादपूरपर्यंत खुशीत असतं. आंबेनळी घाट लागला, की मागची सीट चिडीचूप. मग पिशवीची शोधाशोध, आणि महाबळेश्वरचा पहिला दिवस खोलीत आडवं पडून!

आपल्या अंतर्कर्णात द्रवाने भरलेल्या तीन अर्धवर्तुळाकार नलिका असतात. डोकं वळलं, की आतला द्रव क्षणभर मागे रेंगाळतो आणि मेंदूला कळतं, 'आपण वळतोय'. डोळे मात्र मोबाइलवर खिळलेले. ते सांगतात, 'आपण स्थिर आहोत'. दोन साक्षीदारांचं जुळत नाही आणि मळमळ सुरू होते. (या गोंधळात मेंदूला विषबाधेचा संशय येतो, असाही एक तर्क आहे. मला तो पटतो.) गाडी चालवणाऱ्याला सहसा त्रास होत नाही, कारण पुढचं वळण त्याला आधीच ठाऊक असतं.

म्हणून ज्याला गाडी लागते त्याला पुढे बसवा, नजर लांब रस्त्यावर ठेवायला सांगा. गोळी डॉक्टरांना विचारून, आणि घाटात नव्हे, निघण्याआधी घ्या. उलटी सुरू झाल्यावर ती पोटात टिकतच नाही.