टोंगळ्यातली बिजागरी

"आई, सरळ चालताना काही होत नाही गं. पण वळलं की गुडघा निसटतो." लेक असं म्हणाली तेव्हा मी तिलाच रागावले. ऑपरेशनला आठ महिने होऊन गेले होते. म्हटलं, व्यायाम नीट केला नसशील. सासूबाईंचं वेगळंच, "पोरीचा टोंगळा असा सरकते तं पुढं कसं होईल वं?" त्यांच्या मनात लग्न आणि लेकीच्या मनात पोलीस भरती. आठशे मीटर धावायचं होतं तिला.

आमच्या भंडारा जिल्ह्यात कबड्डी गावोगावी. चढाईवर असताना गर्रकन वळली, गुडघ्यात 'कट्' आवाज झाला आणि आतली दोरी तुटली. डॉक्टर तिला एसीएल म्हणतात. वळण्या-उड्या मारण्याच्या खेळांत ही दुखापत मुलांपेक्षा मुलींना जास्त होते, हे मला फार उशिरा कळलं.

शेवटी एक्स-रेची पिशवी घेऊन नागपूर गाठलं, दुसऱ्या डॉक्टरांकडे. त्यांनी पायाची परीक्षा केली, फिल्म उजेडात धरली आणि विचारलं, "ताई, घरी दार बसवताना बिजागरी दोन सूत सरकली तर काय होतं?" मी म्हटलं, दार घासतं. "तेच झालंय."

मग त्यांनी समजावलं. ही दोरी नडगीच्या पुढच्या भागातून निघून तिरकी वर जाते आणि मांडीच्या हाडाला मागे, बाहेरच्या बाजूच्या भिंतीवर चिकटते. ऑपरेशनात बहुधा पेशंटच्याच मांडीमागची शिर काढून नवी दोरी करतात. दोन्ही हाडांना भोक पाडून ती ओवायची, वर धातूचं इवलंसं बटण आणि खाली स्क्रू. शिर चांगली, स्क्रू भारीतला. पण वरचं भोक चुकलं तर सगळं वाया. ते फार पुढे पडलं तर गुडघा वाकवताना दोरी ताणते आणि हळूहळू सैल होते. वर पडलं तर दोरी उभी राहते; सरळ चालणं जमतं, वळणं सांभाळत नाही. माझ्या लेकीचं हेच झालं होतं. आणि मी तिला आळशी म्हणत होते!

सीटी स्कॅन केला. जुनं भोक नव्या जागेपासून पुरेसं लांब होतं, म्हणून एकाच ऑपरेशनात भागलं. नाहीतर आधी जुनं भोक हाडाच्या चुऱ्याने भरायचं, काही महिने थांबायचं आणि मग पुन्हा टेबलावर. या खेपेला मी आधीच विचारलं, "डॉक्टर, भोक कुठे पाडणार, दाखवा." त्यांनी चित्र काढून दाखवलं. पहिल्या वेळी मी फक्त खर्च किती, एवढंच विचारलं होतं.

लेकीला आता विनेश फोगाटचा मोठा आधार वाटतो. ऑगस्ट २०२३ मध्ये तिच्या गुडघ्यावर मुंबईत हेच ऑपरेशन झालं आणि वर्षभरात ती पॅरिस ऑलिंपिकच्या अंतिम लढतीपर्यंत पोचली. "मग मला का नाही?" म्हणते. पण शिर हाडात रुजायला वेळ लागतो. नऊ महिन्यांच्या आत मैदान नाही, दुसऱ्या खेपेला तर त्याहूनही उशिरा, असं डॉक्टरांनी बजावलंय. सध्या सातवा महिना चालू आहे.

परवा एसटीतून उतरताना तिने पायरीवरच मागे वळून माझ्या हातातली पिशवी घेतली. माझा जीव नुसता टांगणीला. ती मात्र खाली उतरूनही गेली होती.