बारा ते अठरा

२००६च्या ऑगस्टमध्ये मुंबईतल्या कित्येक घरांतून इंग्रजी चित्रपटांच्या वाहिन्या एकाएकी गायब झाल्या. पोलिसांनी केबलचालकांवर छापे घालून यंत्रे जप्त केली होती. या कारवाईच्या मुळाशी सेंट झेवियर्स महाविद्यालयातल्या प्राध्यापिका प्रतिभा नैथानी यांची जनहित याचिका होती. 'केवळ प्रौढांसाठी' ठरलेले चित्रपट घरोघरी मुलांसमोर दिसतात, हा त्यांचा आक्षेप. मुंबई उच्च न्यायालयाने २००५मध्ये असे चित्रपट केबलवर दाखवायला मनाई केली होती.

हे प्रकरण संस्कृतिरक्षक आणि स्वातंत्र्यवादी यांचे भांडण म्हणून सांगितले जाते. मला ते सांगणे तोकडे वाटते. खरी गुंतागुंत नियमांत आहे. केबलच्या १९९४च्या नियमावलीतला सहावा नियम एकीकडे म्हणतो, अनिर्बंध सार्वजनिक प्रदर्शनाला योग्य नसलेला कार्यक्रम दाखवूच नये. तोच नियम पुढे म्हणतो, मुलांना अयोग्य असलेले कार्यक्रम सर्वाधिक मुले पाहत असतील त्या वेळी दाखवू नयेत. म्हणजे इतर वेळी चालेल? पहिली भाषा १९५२च्या सिनेमा कायद्यातून उचललेली. तो कायदा थिएटरसाठी, आणि थिएटरला डोअरकीपर असतो. ओसरीवरच्या टीव्हीला तो कुठून असणार?

मी पिंपरी पेंढारला राहतो. आळेफाट्यावरून नारायणगाव जवळ, आणि नारायणगाव म्हणजे तमाशाची पंढरी, विठाबाईंचे गाव. त्यामुळे मला हा वाद नवा वाटत नाही. बाळासाहेब खेरांच्या कारकिर्दीत मुंबई सरकारने तमाशावर बंदी आणली आणि नंतर संहिता तपासून परवानगी देण्याची वाट काढली. पण लावणीतली अदा संहितेत कुठे लिहिलेली असते? कागद स्वच्छ निघायचा आणि फडावर व्हायचे ते व्हायचेच. जत्रेतल्या तमाशाला निदान कनात होती. दारावरचा माणूस गावचाच, पोराला बापाच्या नावाने ओळखणारा. पोरे कनातीखालून घुसायची हा भाग वेगळा.

टीव्हीवर मात्र अडचण दुहेरी झाली. एमटीव्हीवरचा २००३पासूनचा 'रोडीज' घ्या. तो चित्रपट नव्हे, म्हणून त्याला सेन्सॉरचे प्रमाणपत्र नाही. शिव्यांवर 'बीप' वाजायचा आणि ऐकणाऱ्या पोरांना शिवी बरोबर कळायची. हे कार्यक्रम तरुणांसाठीच बनवलेले. पण सिनेमाच्या प्रमाणपत्रात 'यूए' म्हणजे बारा वर्षांखालच्यांना पालकांची देखरेख आणि 'ए' म्हणजे अठरा पूर्ण. मधल्या सहा वर्षांना वेगळी पायरीच नव्हती. चौदा वर्षांच्या मुलीचे काय, या प्रश्नाला कायद्यापाशी उत्तर नव्हते. आक्षेप घेणारे तिला बाळ समजत होते आणि वाहिन्या गिऱ्हाईक. तिला काय वाटते ते दोघांनीही विचारले नाही. माझा राग त्यावर आहे.

पुढे सरकारने घड्याळ हाती घेतले. २०१०मध्ये 'बिग बॉस' रात्री अकरा ते पहाटे पाच या वेळेत हलवण्याचा आदेश निघाला. वाहिनी उच्च न्यायालयात गेली आणि आदेशाला स्थगिती मिळाली. २०११मध्ये निवृत्त न्यायमूर्ती अजित प्रकाश शहा यांच्या अध्यक्षतेखाली वाहिन्यांनी स्वतःच तक्रार परिषद नेमली. तिचाही भर वेळेवरच राहिला. पण अकरानंतर पोरे झोपतात हे गृहीत शहरातले. त्या वर्षांत आमच्या भागात भारनियमन होते. शेतीची वीज अनेकदा रात्रीच यायची, मग कांद्याला पाणी भरायला बापाबरोबर पोरगाही जागा. घरात वीज आली की टीव्ही लागायचा, मग घड्याळात किती का वाजले असेनात.

नैथानींचा प्रश्न मला आजही रास्त वाटतो. घरात शिरणाऱ्या गोष्टीला दार कोण लावणार, हे विचारायलाच हवे होते. उत्तर म्हणून जप्ती आणणे मात्र ढोबळ होते; त्यात प्रौढांचे पाहणेही बंद झाले आणि मधल्या वयाचा विचार तसाच राहिला. तो विचार २०२१मध्ये ओटीटीच्या नियमांत आला. सात, तेरा आणि सोळा अशा वयाच्या पायऱ्या झाल्या, तेरापासून पुढच्या मजकुराला पालकांचे कुलूप आले. सिनेमाच्या कायद्यातही २०२३च्या दुरुस्तीने त्याच पायऱ्या आल्या.

आता ते कुलूप मोबाइलच्या सेटिंगमध्ये असते. आमच्याकडे बहुतेक घरांत ती सेटिंग कुठे आहे हे ठाऊक असणारा माणूस एकच, आणि तो दहावीत असतो.