बटण दाबताना गाडी दिसायला हवी

चेन्नईत ४ मेच्या सुमारास 'अग्नि नक्षत्रम्' लागतं. सूर्य कृत्तिकेत आणि तिच्या आसपास असतो तो हा काळ, जवळपास साडेतीन आठवड्यांचा. भर दुपारी उन्हातल्या गाडीचं दार उघडावं तर सीटबेल्टच्या कडीचा चटका बसतो, स्टिअरिंग धरवत नाही. म्हणून दुरूनच इंजिन आणि एसी सुरू करण्याची सोय इथे निव्वळ चैन म्हणता येत नाही. शहराच्या पश्चिमेला, श्रीपेरुंबुदूरजवळ ह्युंदाईचा कारखाना आहे. तिथे तेव्हा बनणाऱ्या व्हेन्यू गाडीबरोबर मे २०१९ मध्ये 'ब्लूलिंक' आलं आणि मोबाइलवरून गाडी सुरू करणं मध्यमवर्गाच्या आवाक्यात आलं.

बटण दाबल्यावर नेमकं होतं काय? किल्ली रेडिओलहरींवरून एक सांकेतिक क्रमांक पाठवते. तो दर वेळी बदलतो, त्यामुळे कोणी तो हवेत टिपून ठेवला तरी पुन्हा वापरणं अवघड. मोबाइलवरून दिलेली आज्ञा मात्र आधी कंपनीच्या सर्व्हरकडे आणि तिथून गाडीतल्या सिमकडे जाते. तळघरात रेंज नसेल तर पोचतच नाही. आज्ञा मिळाली की गाडी स्वतःला तपासते. दारं लॉक आहेत का, बॉनेट बंद आहे का, ऑटोमॅटिक असेल तर गिअर 'पी'वर आहे का. सगळं जुळलं तरच स्टार्टर फिरतो, दिवे लुकलुकतात, एसीचा पंखा घुमू लागतो. ठरलेल्या वेळात, बहुतेक गाड्यांत दहाएक मिनिटांत, कोणी आलं नाही तर इंजिन आपोआप बंद होतं.

कंपनीने बसवलेल्या यंत्रणेचा खरा फायदा इथे आहे. इंजिन चालू असताना कोणी काच फोडून आत बसला, तरी खरी किल्ली जवळ नसेल तर गाडी हलत नाही. बाहेरून रिमोट स्टार्टचं किट बसवताना मात्र किल्लीतली चिप ओळखण्याची ही अट चुकवावी लागते. त्यासाठी काही जण सुटी किल्ली किंवा तिची चिपच डॅशबोर्डमागे दडवतात. मग ती चिप तपासणारा इमोबिलायझर असून नसल्यासारखा! वर वायरिंग कापल्यामुळे वॉरंटीवरून वाद होतो तो वेगळाच. मला हे किट अजिबात पटत नाही.

कंपनीच्या अलार्मलाही मर्यादा आहे. आपल्याकडच्या बऱ्याच गाड्यांत तो दारं, डिकी आणि बॉनेट एवढ्यांवरच लक्ष ठेवतो. काच फोडून सीटवरची बॅग ओढून नेली, तर तो गप्पच राहू शकतो.

कायद्याचं भान क्वचितच कोणाला असतं. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम १२६ प्रमाणे सार्वजनिक ठिकाणी उभ्या गाडीत चालकाच्या जागी परवानाधारक माणूस हवा, नाहीतर इंजिन बंद हवं. म्हणजे टी. नगरच्या रस्त्यावर गाडी लावून दुकानातून बटण दाबणं या नियमात बसत नाही. बंद तळघरात तर दाबूच नये. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, आणि जवळच रखवालदार झोपलेला असू शकतो.

एरवी थंडाव्यासाठी जुना उपाय अजूनही चांगला आहे. आधी काचा खाली करून कोंडलेली गरम हवा जाऊ द्यावी, मग चालत्या गाडीत एसी लावावा. उभ्या गाडीत कॉम्प्रेसर मंद फिरतो, त्यामुळे गारवा हळूहळू येतो.

सगळ्यात मोठी काळजी मात्र पावसाळ्याची, आणि चेन्नईचा खरा पावसाळा ऑक्टोबर ते डिसेंबर. डिसेंबर २०२३ मध्ये मिचौंग चक्रीवादळाच्या वेळी लोकांनी आपल्या गाड्या वेलचेरीच्या उड्डाणपुलावर नेऊन लावल्या होत्या. ज्यांच्या गाड्या तळघरातच राहतात, त्यांना पाणी ओसरल्यावर वरच्या मजल्यावरून 'सुरू होते का बघू' असा मोह होतो. गाडी दार, गिअर, बॉनेट तपासते. सिलिंडरमध्ये पाणी शिरलंय का, हे तपासत नाही. पाणी हवेसारखं दाबलं जात नाही. पिस्टन वर येताना ते आडवं येतं आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. साध्या विम्यात असं नुकसान सहसा नाकारतात, त्यासाठी इंजिनाचं वेगळं संरक्षण आधीच घ्यावं लागतं. अशा गाडीला मोबाइलवरून हात लावू नये. पाणी पूर्ण उतरल्यावर बॅटरीची निगेटिव्ह वायर काढावी, चिखल कुठवर चढलाय त्याचा फोटो घ्यावा आणि गाडी टो करूनच वर्कशॉपला न्यावी.