खांद्यावरची होडी आणि हजार सरोवरांचे रान

अमेरिकेच्या मिनेसोटा राज्याच्या ईशान्य टोकाचा सविस्तर नकाशा पाहिला, तर त्यावर निळ्या रंगाचे शेकडो वेडेवाकडे ठिपके दिसतात. दोन ठिपक्यांच्या मध्ये एक बारीक रेघ आणि तिच्याशेजारी आकडा असतो : ४०, ९५, १८०. रेघ म्हणजे पायवाट आणि आकडा म्हणजे तिची लांबी. मोजमाप मात्र फुटांचे वा मीटरचे नाही, ‘रॉड’चे आहे. साडेसोळा फुटांचे हे जुने इंग्रजी माप इतरत्र जवळपास विस्मृतीत गेले. इथे ते टिकले, कारण एका कॅनूची लांबीही साधारण तेवढीच भरते. १८० रॉड म्हणजे एकापुढे एक मांडलेल्या १८० होड्या, सुमारे ९०० मीटर. या वाटेवर माणूस होडीत बसत नाही, होडीच माणसाच्या खांद्यावर बसते. अशा वाटेला ‘पोर्टेज’ म्हणतात. या प्रदेशात भटकणे म्हणजे काय, याचे उत्तर पाण्यात नसून या पायवाटांत आहे.

प्रदेशाचे अधिकृत नाव ‘बाउंडरी वॉटर्स कॅनू एरिया वाइल्डरनेस’. क्षेत्रफळ सुमारे ४,४०० चौरस किलोमीटर, म्हणजे गोवा राज्याहून मोठे, आणि त्यात ११०० हून अधिक सरोवरे. उत्तरेला सीमा ओलांडली की कॅनडातील ओंटारियो प्रांताचे ‘क्वेटिको’ उद्यान लागते. तेही तितकेच विस्तीर्ण आणि तितकेच पाणथळ. कॅनू म्हणजे दोन्ही टोकांना निमुळती, उथळ, उघडी आणि वल्ह्यांनी चालणारी होडी. दोघे जण, कधी तिघे, तंबू, शिधा आणि गळ घेऊन तिच्यात बसतात आणि आठवडाभर सरोवरामागून सरोवर ओलांडत जातात. रात्री खडकाळ काठावर मुक्काम, सकाळी पुन्हा वल्ही.

इतकी सरोवरे आणि तीही एकमेकांपासून तुटलेली का, हे समजायला जमिनीचा इतिहास पाहावा लागतो. सह्याद्रीचा काळा बेसॉल्ट साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. इथला काही खडक २७० कोटी वर्षांचा आहे. त्यावरून हिमनद्या वारंवार सरकल्या आणि दहा-बारा हजार वर्षांपूर्वी अखेरच्या वितळून मागे हटल्या. जाताना त्यांनी माती खरवडून नेली आणि खडकाच्या कच्च्या पट्ट्यांत खोलगट भाग कोरून ठेवले. त्यांत पाणी साठले. प्रत्येक खळग्याची पातळी वेगळी, त्यामुळे एका सरोवरातले पाणी दुसऱ्यात पडते ते धबधब्याने किंवा खळाळत्या ओढ्याने. काही ठिकाणी तर मध्ये नुसती टेकाडाची धार असते. होडी तेथवर येऊन थांबते. पुढे पाय चालवायचे.

ही अडचण सोडवण्याची युक्ती ओजिब्वे लोकांची. त्यांच्या कॅनूचे अंग भूर्ज वृक्षाच्या सालीचे असे. आपल्याकडे ज्या हिमालयी भूर्जाच्या सालीवर पोथ्या लिहिल्या गेल्या, त्याच्याच कुळातला हा अमेरिकी वृक्ष. आत सीडर लाकडाच्या कमानी, शिवण स्प्रूसच्या मुळांची, आणि सांध्यांवर राळेचा लेप. ही होडी दोघांना उचलता येई, आणि फुटली तर दुरुस्तीचे सारे सामान काठावरच्या रानात मिळे. पाण्यावर तरंगणे हा होडीचा एक गुण. माणसाला पेलणे हा तितकाच मोलाचा दुसरा गुण, हे सूत्र या होडीने घालून दिले. उथळ पाण्यात उगवणारा ‘मनूमिन’ हा रानतांदूळ ओजिब्वे आजही कॅनूतूनच झोडपून गोळा करतात. १८५४ च्या करारात हा मुलूख सोडून देताना त्यांनी येथील शिकारीचा व मासेमारीचा हक्क राखून ठेवला. पर्यटकांच्या माहितीपत्रकांत ‘निर्मनुष्य रान’ हा शब्द सैलपणे वापरला जातो, म्हणून हे सांगणे अगत्याचे.

अठराव्या शतकात याच वाटांनी फ्रेंच भाषक ‘व्हॉयाजर’ बीव्हरच्या कातड्यांचा व्यापार वाहून नेत. युरोपातील पुरुषांच्या टोप्यांसाठी बीव्हरच्या लवीचा नमदा लागे, आणि त्या फॅशनचा भार या हमालांच्या पाठीवर पडे. एक गठ्ठा ९० पौंडांचा, सुमारे ४१ किलोंचा. एका खेपेला असे दोन गठ्ठे, कपाळावरून घेतलेल्या चामडी पट्ट्याने पाठीवर तोललेले. सुपीरियर सरोवराच्या काठावरील ‘ग्रँड पोर्टेज’ ही वाट साडेआठ मैलांची होती. १८४२ च्या करारात ब्रिटन आणि अमेरिका यांनी येथील सीमा निश्चित केली, तेव्हा सीमेवरचे हे पोर्टेज दोन्ही देशांच्या लोकांना खुले राहतील असे कलम त्यात घातले गेले. दोन राष्ट्रांच्या करारात पायवाटांना असे स्थान क्वचितच मिळाले असेल.

आजचा प्रवासी तेवढे ओझे उचलत नाही, पण हिशेब तोच आहे. कॅनूच्या मध्यावर एक आडवा दांडा असतो. मान बसेल असा तो कोरलेला असतो आणि इंग्रजीत त्याला बैलाच्या मानेवरील जूचेच नाव आहे. होडी उलटी करून हे जू खांद्यांवर घ्यायचे आणि चालू लागायचे. समोरची चार-पाच पावलेच दिसतात. डोक्याभोवती होडीचा घुमट, आत डासांची भुणभुण, पायाखाली ओले मूळ आणि निसरडा दगड. दुसऱ्या महायुद्धानंतर विमाने बांधणाऱ्या ग्रुमन कंपनीने ॲल्युमिनियमच्या कॅनू काढल्या, त्या ३० किलोंच्या वर भरत. १९६५ मध्ये शोधलेल्या केव्हलार धाग्याच्या होड्या आता २० किलोंच्या आसपास येतात. तरीही सगळे सामान एका खेपेत क्वचितच जाते. दोन खेपा करायच्या तर वाट तीनदा चालावी लागते : ओझ्यासह जा, रिकामे परत या, पुन्हा ओझ्यासह जा. म्हणजे १८० रॉडचे पोर्टेज प्रत्यक्षात पावणेतीन किलोमीटरचे होते. दिवसात अशी पाच-सहा पोर्टेज आली, की नकाशावर वीतभर दिसणारे अंतर संध्याकाळपर्यंत पुरते.

नवख्यांची चूक येथेच होते. मैल मोजून बेत आखला जातो, खेपा मोजून नाही. लोखंडी कढई, घडीच्या खुर्च्या, बर्फाची पेटी असा संसार गाडीतून किनाऱ्यावर उतरतो आणि पहिल्याच चढावर त्याचे वैर सुरू होते. अनुभवी मंडळी सामान तीन-चार मोठ्या थैल्यांत भरतात. दुलूथ शहरात १८८२ मध्ये पेटंट घेतलेली रुंद, बुटकी कॅनव्हासची थैली आजही याच कामी येते, कारण ती होडीच्या पोटात नीट बसते. पाण्याचे ओझे मात्र वाहावे लागत नाही. सरोवर समोरच असते. ते पाणी गाळून किंवा उकळून घ्यायचे, एवढेच पथ्य. पूर्वी लोक ते सरळ वल्ह्याच्या टोकावरून पीत. जिआर्डियाचा त्रास ठाऊक झाल्यावर ते शहाणपणाचे राहिलेले नाही.

शिध्याला जोड मिळते ती गळाची. या पाण्यात मातीअभावी पोषक द्रव्ये कमी असतात, म्हणून ते नितळ असते आणि म्हणूनच त्यात मासा सावकाश वाढतो. सर्वांना हवा असतो तो वॉलाय. त्याच्या डोळ्याच्या पडद्यामागे मांजराच्या डोळ्यासारखा चमकदार थर असतो, त्यामुळे अंधुक उजेडात त्याला भक्ष्य दिसते आणि भक्ष्याला तो दिसत नाही. साहजिकच गळ टाकायची वेळ दिवेलागणीची, किंवा वाऱ्याने पाणी चुरगळून प्रकाश मंद झाल्याची. लेक ट्राउट हा थंडीचा भोक्ता. मेमध्ये बर्फ फुटल्यावर तो वरच्या थरात फिरतो. उन्हाळ्यात पृष्ठभाग तापला की थंड, प्राणवायूयुक्त खोल थरात उतरतो. जुलैमध्ये काठावरून गळ टाकून त्याची वाट पाहणारा उपाशीच झोपणार. नॉर्दर्न पाइक पाणवेलींच्या कडेला दबा धरून असतो आणि बारीक दोर दातांनी सहज तोडतो. स्मॉलमाउथ बास मात्र इथला मूळचा नव्हे. तो माणसांनी आणून सोडला आणि छान रुजला.

मासा किती घ्यायचा यालाही मर्यादा आहे. मिनेसोटात वॉलायची सर्वसाधारण मर्यादा माणशी सहा आहे, तर क्वेटिकोत काटेरी टोकाचा गळ व जिवंत आमिष दोन्ही वर्ज्य आहेत. मोठा लेक ट्राउट वीस वर्षांचाही असू शकतो. तो तव्यात गेला की त्याची जागा भरायला तितकीच वर्षे लागतात. शिवाय हवेतून येणारा पारा दूरच्या सरोवरांतही पोहोचतो आणि वयस्क मोठ्या माशांच्या अंगात साठतो. म्हणून राज्याचे आरोग्य खाते लहान मुले व गरोदर स्त्रिया यांना मासे मोजूनच खाण्याचा सल्ला देते. मध्यम मासा खावा, मोठा सोडून द्यावा, हा व्यवहार रुचीला, प्रकृतीला आणि सरोवराला असा तिन्ही बाजूंनी परवडतो.

पोर्टेज टाळण्याचा मोह मात्र जिवावर बेततो. वाट जिथे सुरू होते ते ठिकाण अनेकदा धबधब्याच्या माथ्याला लागूनच असते. बर्फ वितळल्यावर वसंतात प्रवाह फुगतो, आणि वरून पाहताना धबधबा दिसत नाही. पाण्याची एक गुळगुळीत रेघ तेवढी दिसते. १८ मे २०२४ रोजी सीमेवरील कर्टन फॉल्स या धबधब्यावरून दोन कॅनू खाली गेल्या. दोन पुरुष मृत्यू पावले, एक जखमी झाला. मृतदेह शोधायला दोन आठवडे लागले. मे महिन्यात पाणी इतके गार असते की पडताक्षणी धाप लागते आणि श्वासावर ताबा राहत नाही. सुमारे दहा मिनिटांत हातांची ताकद जाते. पोहता येणे फारसे उपयोगी पडत नाही. जॅकेट होडीत ठेवून चालत नाही, ते अंगावर बांधलेलेच हवे. बऱ्याच जागी भ्रमणध्वनीला संदेश मिळत नाही. उपग्रहाद्वारे संदेश पाठवणारे यंत्र जवळ असले, तरी मदत पोहोचायला वेळ लागतो. वन खात्याची पाण्यावर उतरणारी विमाने ईली गावी असतात, पण वादळात तीही उडत नाहीत.

वाऱ्याचे भय त्याहून रोजचे. मोठ्या सरोवरावर दुपारी वारा वाढतो आणि उघड्या होडीत लाट शिरते. म्हणून जाणते लोक पहाटे निघतात, काठ धरून जातात, आणि वारा पडेपर्यंत एक दिवस बसून काढण्याची तयारी बेतातच ठेवतात. सोमवारी कचेरीत हजर व्हायचेच, अशा बोलीने आलेला गडी या दिवशी सर्वांत धोकादायक सोबती ठरतो. ४ जुलै १९९९ रोजी आलेल्या वादळाने तर या भागातील लक्षावधी एकरांतली झाडे काही तासांत आडवी केली.

हे रान आपोआप राखले गेलेले नाही. १९२० च्या दशकात एका लाकूड उद्योजकाने धरणांची साखळी बांधून सरोवरांची पातळी वाढवण्याचा घाट घातला होता. त्याला विरोध झाला आणि १९३० मध्ये येथील पाण्याची नैसर्गिक पातळी बदलण्यास बंदी घालणारा कायदा अमेरिकी काँग्रेसने केला. पुढे विमानाने थेट सरोवरावर उतरणारे शिकारी व मासेमार वाढले. चार दिवसांची खेप वीस मिनिटांत संपू लागली. १९४९ मध्ये अध्यक्ष ट्रुमन यांनी या प्रदेशावर ४००० फुटांखाली उड्डाणास मनाई केली. १९७८ च्या कायद्याने वृक्षतोड थांबली आणि इंजिनाच्या होड्या पाण्याच्या सुमारे पाव भागापुरत्या उरल्या.

या निर्णयांची किंमत स्थानिकांनी मोजली, हेही खरे. ईली परिसरात कितीतरी कुटुंबांची विश्रामगृहे सरकारने विकत घेऊन बंद केली आणि ती कटुता अनेक वर्षे गेली नाही. अपवाद झाला तो नाइफ सरोवरातील बेटांवर राहणाऱ्या डोरोथी मोल्टर या परिचारिकेचा. १९८६ मध्ये मृत्यू येईपर्यंत त्यांना तेथे राहू दिले गेले. विमानबंदीमुळे शीतपेयांचा पुरवठा तुटल्यावर त्यांनी घरीच ‘रूट बिअर’ हे पेय बनवायला घेतले आणि कित्येक पोर्टेज ओलांडून येणाऱ्यांना ते पाजले. नवा वाद तांबे-निकेलच्या खाणींचा आहे. त्यांच्या खनिजातील गंधकामुळे आम्लयुक्त पाणी झिरपेल आणि प्रवाहाबरोबर या सरोवरांत उतरेल, अशी भीती आहे. तर खाणी म्हणजे रोजगार, असे दुसरी बाजू म्हणते. २०२३ मध्ये लगतच्या सुमारे सव्वादोन लाख एकर सरकारी जमिनीवर २० वर्षांसाठी खाणबंदी जाहीर झाली आणि तो निर्णयही पुढे राजकीय ओढाताणीत सापडला.

रोजचे नियम मात्र साधे आहेत. मे ते सप्टेंबर या काळात प्रत्येक प्रवेशस्थानाला दिवसाला ठरावीकच परवाने मिळतात. एका गटात नऊ माणसे आणि चार होड्या, त्याहून अधिक नाही. उन्हाळ्यात मुक्काम ठरवून दिलेल्या जागीच, जिथे लोखंडी जाळीची चूल आणि मागे रानात शौचकूप असते. जिवंत फांदी तोडायची नाही. पत्र्याचे डबे व काचेच्या बाटल्यांना १९७१ पासून बंदी आहे. शिधा काळ्या अस्वलांच्या आवाक्याबाहेर, एकतर भक्कम पेटीत किंवा किमान १२ फूट उंच टांगून ठेवायचा. अस्वल माणसावर क्वचितच धावते, परंतु सहा दिवसांचा शिधा एका रात्रीत संपवते. आणि दुकानापर्यंतची वाट पुन्हा त्याच पोर्टेजवरून जाते.

चौघांच्या सहा दिवसांच्या शिध्याचे वजन निघताना अठरा-वीस किलो भरते. पहिल्या दिवशी ही थैली उचलायला कोणी पुढे येत नाही. रोज ती हलकी होत जाते आणि सहाव्या दिवशी तिच्यात रिकाम्या पिशव्या, चहाचा चोथा आणि इतरांनी चुलीत टाकून गेलेला अर्धवट जळलेला कचरा एवढेच उरते. तो कचराही खांद्यावर घालून गाडीपर्यंत आणायचा असतो.