डॉलर वाचवून अमेरिका बघू या!

लेकीच्या बाळंतपणासाठी, नाहीतर मुलाकडे म्हणून अमेरिकेला जाणाऱ्या आया आता तालुक्याच्या गावातही भेटतात. पण तिकडे प्रत्येक तिकिटाचे मनातल्या मनात रुपये होतात आणि ‘मला नको, तुम्हीच जाऊन या’ म्हणत कितीतरी जणी घरीच थांबतात. मैत्रिणींनो, तसं करू नका. फुकटात बघण्यासारखंही पुष्कळ आहे.

न्यूयॉर्कची स्टेटन आयलंड फेरी चोवीस तास मोफत. साधारण पंचवीस मिनिटांच्या त्या प्रवासात स्वातंत्र्यदेवीचा पुतळा छान दिसतो. बाहेर कुणी तिकीट विकू लागलं तर मुळीच घेऊ नका. 1883 सालचा ब्रुकलिन पूल तर पायीच ओलांडावा, पोरांना केवढं साहस वाटतं!

वॉशिंग्टनमधली स्मिथसोनियनची संग्रहालयं मोफत. प्राणिसंग्रहालयही मोफत, फक्त पास आधी काढायचा. गोवळकोंडा भागातून गेलेला निळा होप हिरा मी तिथेच डोळे भरून पाहिला. डबा मात्र बाहेर हिरवळीवर खाल्ला. शिकागोचं लिंकन पार्क प्राणिसंग्रहालयही फुकटच.

मोठ्या राष्ट्रीय उद्यानांचा बेत हिशेबाने करा. 2026 पासून ग्रँड कॅन्यन, यलोस्टोनसारख्या 11 उद्यानांत वार्षिक पास नसलेल्या परदेशी प्रौढांना माणशी 100 डॉलर जादा पडतात.

मुलांवर भार नको म्हणून घरात कोंडून घेऊ नका. पोळीभाजी बांधा, पायात बूट घाला आणि निघा. हात धरून पूल ओलांडणारी आजी नातवंडांच्या जन्मभर लक्षात राहते.