गुडघ्याचे ऑपरेशन एका दिवसाचे, उपचार नऊ महिन्यांचा

आपल्या वस्त्यांमधील मुले-मुली आज कबड्डी, खो-खो, फुटबॉल, कुस्ती अशा अनेक खेळांत पुढे येत आहेत, ही आनंदाची गोष्ट आहे. काहींना खेळामुळे महाविद्यालयात प्रवेश मिळतो, काहींचे डोळे खेळाडूंसाठीच्या राखीव जागांकडे लागलेले असतात, तर काही जण पहाटे उठून पोलीस भरतीच्या धावण्याचा सराव करतात. अशा पंधरा-सोळा वर्षांच्या मुलाचा गुडघा एके दिवशी मैदानावर निखळतो आणि सारे घर हवालदिल होते. त्या वेळी दोन प्रकारचे सल्ले हमखास मिळतात. "मालीश करून घ्या, आठ दिवसांत पळायला लागेल," हा पहिला. "ऑपरेशन करून टाका, म्हणजे विषय संपला," हा दुसरा. हे दोन्ही सल्ले मुलाचे नुकसान करणारे आहेत. गुडघ्याच्या लिगामेंटची शस्त्रक्रिया एक-दोन तासांत आटोपते; परंतु तो पाय पुन्हा खेळण्याच्या लायकीचा होतो की नाही, हे पुढच्या नऊ महिन्यांत, आणि बहुतांशी घरात ठरते. ते कसे, हे समाजबांधवांना व विद्यार्थ्यांना समजावे म्हणून हा लेखनप्रपंच.

लिगामेंट म्हणजे काय?

मांडीचे हाड व नडगीचे हाड गुडघ्यात एकमेकांवर टेकलेले असतात. त्यांना जागच्या जागी बांधून ठेवणाऱ्या चिवट दोऱ्यांना अस्थिबंध किंवा लिगामेंट म्हणतात. गुडघ्यात असे चार मुख्य बंध आहेत. दोन बाजूंना दोन, आणि सांध्याच्या आत एकमेकांना फुलीसारखे छेदणारे दोन. आतील पुढच्या बंधाला डॉक्टर 'एसीएल' म्हणतात. नडगीचे हाड पुढे सरकू न देणे आणि गुडघा पिळू न देणे, हे त्याचे काम. दोन हाडांच्या मध्ये धक्के सोसणाऱ्या दोन गाद्याही असतात. बंध तुटताना पुष्कळदा या गादीलाही इजा होते.

एसीएल तुटायला कोणाचा धक्काच लागावा लागतो असे नाही. वेगात धावताना एकदम दिशा बदलणे, उडी मारून वाकडे पाऊल पडणे, पाय जमिनीत रुतलेला असताना अंग फिरणे, एवढे पुरते. कबड्डीत चढाई करणारा खेळाडू पकडीतून निसटण्यासाठी गिरकी घेतो, तेव्हा नेमके हेच घडते.

दुखापत ओळखावी कशी?

१) त्या क्षणी गुडघ्यात 'कट्' असा आवाज झाल्याचे मूल सांगते.
२) काही तासांतच गुडघा टम्म सुजतो.
३) आठ-पंधरा दिवसांत सूज उतरते, मूल चालू लागते, पण वळताना किंवा जिना उतरताना गुडघा 'सटकतो', पायात भरवसा वाटत नाही.

तिसरे लक्षण फार महत्त्वाचे आहे. सूज उतरली म्हणजे बरे झाले, असे समजून मूल पुन्हा खेळते, गुडघा पुन्हा सटकतो आणि प्रत्येक वेळी आतील गादी व कूर्चा झिजत जाते. दुखापत झाल्याबरोबर खेळ थांबवावा, पाय उशीवर उंच ठेवावा, कपड्यात गुंडाळलेला बर्फ पंधरा-वीस मिनिटे लावावा आणि अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवावे. मालीश करू नये, कोणाकडूनही पाय ओढून घेऊ नये. डॉक्टर हाताने गुडघा तपासूनच बरेचसे ओळखतात. एक्स-रेमध्ये हाड दिसते, लिगामेंट दिसत नाही. त्यासाठी एमआरआय करावा लागतो. म्हणून "एक्स-रे नॉर्मल आहे" एवढ्यावर निर्धास्त राहू नये.

शस्त्रक्रिया कोणाला, केव्हा?

तुटलेला एसीएल बहुधा आपोआप पूर्ववत जुळून येत नाही. ज्यांना धावण्या-वळण्याचे खेळ खेळायचे नाहीत व ज्यांचा गुडघा सटकत नाही, अशा काहींचे व्यायामाने भागते. परंतु खेळणाऱ्या व गुडघा सटकणाऱ्या किशोरवयीन मुलांना बहुधा शस्त्रक्रियेचा सल्ला दिला जातो. ही दुर्बिणीची शस्त्रक्रिया असते. मांडीच्या मागच्या स्नायूची किंवा गुडघ्याच्या वाटीजवळची स्वतःच्याच शरीरातील एक पट्टी घेऊन, हाडांत बारीक बोगदे पाडून, नवा बंध बसवितात.

किशोरवयात एक प्रश्न डॉक्टरांना आवर्जून विचारावा, "मुलाची उंची अजून वाढायची आहे का?" गुडघ्याजवळच्या हाडांच्या टोकांना वाढीच्या कूर्चा असतात. त्या साधारणपणे मुलींमध्ये चौदाव्या व मुलांमध्ये सोळाव्या वर्षाच्या आसपास बंद होतात. त्या उघड्या असतील तर पाय आखूड किंवा वाकडा होऊ नये म्हणून शस्त्रक्रियेची पद्धत बदलावी लागते.

बहुतेक वेळा ही शस्त्रक्रिया तातडीची नसते. सूज उतरून गुडघा पूर्ण सरळ होईपर्यंत काही आठवडे थांबणे उलट हिताचे असते. मात्र गुडघा अडकून सरळच होत नसेल, तर गादी तुटून मध्ये आलेली असू शकते. तेव्हा थांबू नये. मिळालेल्या आठवड्यांत मांडीचे व्यायाम करून घ्यावेत. मजबूत मांडी घेऊन शस्त्रक्रियेला जाणारे मूल लवकर सावरते.

आधीची तयारी : घर आणि पैसा

खर्चाच्या धास्तीने पुष्कळ पालक गप्प बसतात किंवा सावकाराकडे जातात. त्याआधी पुढील चौकशी करावी. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतील रुग्णालयांत आरोग्यमित्र बसतात. ही शस्त्रक्रिया योजनेत बसते का, हे त्यांना विचारावे. धर्मादाय रुग्णालयांत १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत व १० टक्के खाटा दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दरात राखून ठेवण्याचे बंधन आहे. तेथील समाजसेवा विभागाला रेशनकार्ड व उत्पन्नाचा दाखला घेऊन भेटावे. पालक राज्य विमा योजनेत असतील तर त्यांच्या मुलांनाही तेथे उपचार मिळतात. खर्चाचा हिशेब करताना फिजिओथेरपीचे पैसे बाजूला ठेवायला विसरू नये. सगळी पुंजी ऑपरेशनवर खर्चून व्यायामासाठी रिक्षाचे भाडेही न उरणे, ही आपल्याकडची नेहमीची शोकांतिका आहे.

घरात पुढील सोय करावी. सुरुवातीला उकिडवे बसता येत नाही, मांडी घालता येत नाही. म्हणून कमोडची खुर्ची आणावी. मोरीत घसरणार नाही असे पायपुसणे व बसून अंघोळ करण्यासाठी स्टूल ठेवावे. झोपण्यासाठी खाट असावी. कुबड्या आधीच आणून सराव करावा. कुबड्यांवर भार तळहातांनी द्यावा, काखेत देऊ नये. जिना चढताना चांगला पाय आधी टाकावा. उतरताना कुबड्या व दुखरा पाय आधी.

पहिले पंधरा दिवस

या दिवसांत मुख्य उद्दिष्ट एकच, गुडघा पूर्ण सरळ होणे. मूल दुखते म्हणून गुडघ्याखाली उशी मागते आणि आई मायेने ती देते. ती देऊ नये. उशी टाचेखाली ठेवावी, म्हणजे गुडघा सरळ राहतो. वाकलेला गुडघा तसाच आखडला तर पुढे आयुष्यभर लंगडण्याची वेळ येते. पावले वर-खाली हलविणे, मांडी आवळून पाच अंक मोजणे असे साधे व्यायाम सांगितल्याप्रमाणे दिवसातून अनेकदा करावेत. गोळ्या वेळेवर द्याव्यात. परंतु औषधाच्या दुकानातून मनाने आणू नयेत.

ताप येणे, जखमेतून पू येणे, गुडघा लाल व गरम होणे, पोटरी दुखून सुजणे, यांपैकी काहीही झाले तर त्याच दिवशी डॉक्टरांना गाठावे. दम लागला किंवा छातीत दुखू लागले तर क्षणाचाही विलंब न लावता रुग्णालयात न्यावे.

शेजारच्या मुलाने तिसऱ्या दिवशी पाय टेकला होता, अशी तुलना करू नये. ज्याच्या गादीलाही टाके घातले आहेत, त्याला भार देण्यास व गुडघा वाकविण्यास जास्त दिवस मनाई असते. आपल्या मुलाचा कागद वेगळा असतो.

फसवा काळ

दुसरा-तिसरा महिना सर्वांत फसवा. मूल कुबड्यांशिवाय चालते, सायकलीचे पायडल मारते, दुखणे जवळजवळ नसते. घरच्यांना वाटते, झाले! मुलाला वाटते, एक डाव खेळून पाहू! प्रत्यक्षात बसविलेली पट्टी याच सुमारास सर्वांत कमकुवत असते. शरीर त्या पट्टीत नव्या रक्तवाहिन्या घालते, जुने धागे काढून नवे विणते आणि हे काम कित्येक महिने चालते. बाहेरून ठणठणीत दिसणारा गुडघा आतून कच्चा असतो. म्हणून या काळात दुखण्यावरून नव्हे, तर कॅलेंडरवरून व फिजिओथेरपिस्टच्या चाचण्यांवरून चालावे. मांडीत ताकद आली असेल तर तीन-चार महिन्यांनी सरळ रेषेत हलके धावणे सुरू होते. उड्या व गिरक्या त्यानंतर.

मैदानावर परत केव्हा?

नॉर्वे व अमेरिका येथील खेळाडूंच्या अभ्यासातून २०१६ साली एक महत्त्वाची गोष्ट पुढे आली. शस्त्रक्रियेनंतर नऊ महिने पूर्ण होईपर्यंत खेळणे जितके महिने पुढे ढकलले, त्या प्रत्येक महिन्यागणिक पुन्हा दुखापत होण्याचे प्रमाण सुमारे निम्म्याने घटले. उलट, याच वर्षी अनेक अभ्यास एकत्र करून पाहिले असता, खेळात परतलेल्या २५ वर्षांखालील खेळाडूंपैकी जवळजवळ चौघांत एकाला त्याच किंवा दुसऱ्या गुडघ्याला पुन्हा अशीच दुखापत झाल्याचे दिसले. म्हणून दोन अटी लक्षात ठेवाव्यात. नऊ महिने पूर्ण झाले पाहिजेत, आणि दुखऱ्या पायाची ताकद चांगल्या पायाच्या किमान ९० टक्के झाली पाहिजे. एक अट पुरी होऊन भागत नाही.

"तालुक्याची स्पर्धा आहे, एवढा सामना खेळू दे," असे प्रशिक्षक म्हणाले, तर पालकांनी नम्रपणे पण ठामपणे नाही म्हणावे. स्पर्धा पुढच्या वर्षीही होते. भरतीची तारीख चुकली तर पुन्हा येते. दुसऱ्यांदा तुटलेला गुडघा मात्र पहिल्यासारखा होणे अवघड असते.

मनाची दुखापत

खेळणाऱ्या मुलाला खेळ हीच त्याची ओळख वाटत असते. ती एकाएकी हिरावली गेली की ते चिडचिडे होते, एकटे बसते, जेवत नाही. त्या वेळी "तरी सांगत होतो, खेळू नकोस," हे वाक्य उच्चारू नये. त्याने गुडघा जुळत नाही, फक्त मूल दुरावते. त्याऐवजी व्यायामाच्या वेळी बापाने शेजारी बसावे, बहिणीने वहीत आकडे लिहावेत, आज किती वाकला, किती वेळा उचलला. प्रगती डोळ्यांना दिसली की उमेद टिकते. संघाशी नाते तोडू नये. गुण लिहिणे, पंचाचे नियम शिकणे, लहानांना शिकविणे ही कामे बसूनही होतात. दहावी-बारावीचे वर्ष असेल तर तळमजल्यावर बसण्याची सोय करावी म्हणून शाळेला वेळीच अर्ज द्यावा. अनेक आठवडे झोप लागत नसेल किंवा जगण्यात अर्थ नाही अशी भाषा मुलाच्या तोंडी आली, तर समुपदेशकाची किंवा मानसोपचारतज्ज्ञाची मदत घेण्यात कमीपणा मानू नये.

उदाहरणे आपल्यासमोर आहेत. कुस्तीगीर विनेश फोगट हिच्या गुडघ्याला २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये गंभीर दुखापत झाली. २०१८ साली तिने आशियाई क्रीडा स्पर्धेत सुवर्णपदक मिळविले. ऑगस्ट २०२३ मध्ये तिच्या गुडघ्यावर मुंबईत शस्त्रक्रिया झाली आणि पुढच्याच वर्षी तिने पॅरिसमध्ये अंतिम फेरी गाठली. वजनामुळे ती अपात्र ठरली, गुडघ्यामुळे नव्हे. डिसेंबर २०२२ च्या मोटार अपघातानंतर ऋषभ पंत याच्या गुडघ्याच्या लिगामेंटवर शस्त्रक्रिया झाली. तो सुमारे पंधरा महिन्यांनी, मार्च २०२४ मध्ये मैदानात उतरला आणि जूनमध्ये विश्वविजेत्या संघात होता. हाताशी उत्तम डॉक्टर असूनही त्याने पंधरा महिने घेतले, हे आपल्या मुलांना सांगावे.

मुलींच्या बाबतीत

सारख्याच खेळात मुलींना ही दुखापत मुलांपेक्षा दोन ते तीन पट अधिक होते. तरीही मुलीच्या बाबतीत "आता खेळ पुरे, लग्न जमवायचे आहे, पायावर व्रण नको," असे म्हणून उपचार टाळले जातात. व्रण लहान असतो; सटकणारा गुडघा मात्र जिना चढताना, पाणी भरताना, नोकरीला जाताना जन्मभर साथ सोडतो. ऑपरेशननंतर तिला आठ दिवसांत चुलीपुढे बसविणे हाही अन्यायच. मुलाला जेवढी विश्रांती, जेवढी अंडी-डाळ-मासळी आणि जेवढा व्यायामाचा वेळ, तेवढाच मुलीलाही मिळाला पाहिजे. तिचा खेळ बंद करायचा की नाही, हे गुडघ्याच्या चाचणीने व तिच्या इच्छेने ठरावे.

समाज काय करू शकतो?

दुखापत टाळताही येते. नॉर्वेमध्ये १३ ते १७ वर्षांच्या फुटबॉल खेळणाऱ्या मुलींना सरावापूर्वी सुमारे वीस मिनिटे तोल, उडी व स्नायूबळाचे ठरावीक व्यायाम दिले गेले. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगात एकूण दुखापती सुमारे एक तृतीयांशाने व गंभीर दुखापती जवळजवळ निम्म्याने कमी झाल्या. यासाठी पैसा लागत नाही, शिस्त लागते. आपल्या क्रीडा मंडळांनी ती आजपासून लावून घ्यावी.

आपल्यासारख्या संस्थांनी कुबड्या, वॉकर व कमोडच्या दोन-चार खुर्च्या घेऊन ठेवाव्यात आणि गरजूंना वापरून परत देण्याच्या बोलीवर द्याव्यात. रुग्णालयाचे अर्ज भरून देण्यास शिकलेल्या तरुणांनी पुढे यावे. विद्यार्थी मित्रांनो, तुमचा वर्गमित्र घरी पडून असेल, तर त्याच्या वह्या उतरवून द्या, आठवड्यातून दोनदा त्याच्याकडे जा, आणि "एक डाव खेळ रे," असा आग्रह मात्र करू नका.

सर्जनचे काम पहिल्या दिवशी संपते. त्यानंतरचे सुमारे पावणेतीनशे दिवस आई-वडिलांचे, भावंडांचे, मित्रांचे आणि त्या मुलाच्या स्वतःच्या जिद्दीचे असतात. ते दिवस आपण नीट सांभाळले, तर मैदानाबाहेर गेलेली आपली मुले-मुली भक्कम पायांनी पुन्हा मैदानात उतरतील.