इन्व्हेंटरी म्हणजे काय? गोदामातली साखर आणि आपले उसाचे बिल



वार्षिक अहवाल हाती पडला की आपण आधी ऊसदराचे पान काढतो. ताळेबंदात 'इन्व्हेंटरी' किंवा 'मालसाठा' अशी एक ओळ असते आणि तिच्यासमोर कोटींचा आकडा. 'हे आपलं काम नव्हे, हिशेबनीस बघतील,' असे म्हणून आपण पुढे जातो. पण आपल्या उसाचे पैसे बऱ्याच अंशी त्याच ओळीत अडकलेले असतात. म्हणून या शब्दाची थोडी फोड करण्याचे आम्ही योजिले आहे.

शब्द मूळचा लॅटिन. अर्थ साधा : जे जे सापडले त्याची यादी. घराच्या वाटणीच्या वेळी पंच बसतात आणि भांडीकुंडी, बैलजोडी, औजारे, धान्याची पोती सारे एकेक करून लिहून काढतात, तशीच ही यादी. पुढे व्यवहारात यादीलाही इन्व्हेंटरी म्हणू लागले आणि यादीतल्या मालालाही. तेव्हा हा शब्द आला की तीन गोष्टी ध्यानात घ्याव्यात : माल, मालाची नोंद आणि दोहोंचा मेळ घालणारी मोजदाद. मोजदाद नसेल तर बाकीच्या दोहोंवर भरवसा कसा ठेवायचा?

ही गोष्ट आपल्याकडे नवी नाही. शिवकाळात 'अठरा कारखाने' होते, त्यांत अंबारखाना, जामदारखाना, दारूखाना ही साठ्याचीच खाती. पन्हाळगडावर गंगा, यमुना, सरस्वती ही धान्याची कोठारे आजही उभी आहेत. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात तर गडावरची दारू हवालदाराने दर आठ-पंधरा दिवसांनी स्वतः बाहेर काढवावी, ऊन द्यावे आणि पुन्हा शिक्का करून ठेवावी, असे बजावलेले आहे. साठा आहे एवढे पुरेसे नाही, तो वेळेला कामाचा असला पाहिजे, हे त्यातले शहाणपण.

आता आपल्या धंद्याकडे वळू. गाळप चालते चार-पाच महिने, साखर विकायची बारा महिने. २०१८ च्या जूनपासून दर महिन्याला किती साखर विकायची तो कोटाही केंद्र सरकार ठरवून देते. म्हणजे साखर गोदामात थप्पीला लागणारच. उलट, १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाप्रमाणे उसाचे पैसे १४ दिवसांत द्यायचे, उशीर झाला तर वार्षिक १५ टक्के व्याज. माल विकलेला नाही आणि पैसे तर द्यायचे. मग कारखाना साखर बँकेकडे तारण ठेवतो. बँक मूल्यांकन करते, काही दुरावा राखते आणि बाकीची उचल देते. त्यातून आपली बिले निघतात.

हे व्याज किती, ते एका उदाहरणाने पाहू. समजा, साखरेचे मूल्यांकन क्विंटलला ३,००० रुपये धरले आणि बँकेने ८५ टक्के उचल दिली, म्हणजे २,५५० रुपये. व्याज वर्षाला १२ टक्के धरले तर महिन्याला साडेपंचवीस रुपये झाले. उतारा १० टक्के असेल तर एक टन उसापासून एक क्विंटल साखर होते. म्हणजे ते पोते गोदामात एक महिना जास्त पडून राहिले की टनामागे साडेपंचवीस रुपये व्याजात गेले. सहा महिन्यांत १५३ रुपये!

आर्णी भागातल्या सभासदांना हे कापसावरून चटकन पटेल. २०२१-२२ मध्ये कापसाने क्विंटलला दहा हजारांची मजल ओलांडली. पुढल्या हंगामात तसाच भाव येईल म्हणून विदर्भात कितीतरी घरांत कापूस भरून ठेवला गेला. भाव काही आला नाही. वजनात घट आली, अंगाला खाज सुटली, सावकाराचे किंवा बँकेचे व्याज वेगळेच. घरातला तो कापूस म्हणजे इन्व्हेंटरीच की! भाव येईल ही आशा आणि ठेवण्याचा खर्च, या दोहोंचा हिशेब मांडायला हवा होता.

मग साठा नकोच का? तसेही नाही. ऐन हंगामात चुना, गंधक, बारदाना किंवा एखादे बेअरिंग स्टोअरमध्ये नसेल तर गिरणी थांबते, गाड्या वजनकाट्यावर उभ्या राहतात, तोडलेला ऊस वाळतो आणि उतारा घटतो. हजाराच्या वस्तूपायी लाखांचे नुकसान होते. उलट, दहा वर्षांत न लागलेले सुटे भाग रॅकवर धूळ खात असतील तर तेही आपलेच पैसे. मळी टाकीत, बगॅस आवारात, साखर गोदामात : प्रत्येकाची जपणूक निराळी. बगॅसला आगीचे भय, साखरेला ओल लागली की खडे धरतात. म्हणून आधी आलेला माल आधी बाहेर, हा गोदामाचा पहिला नियम.

आणखी एक बारकावा. ताळेबंद ३१ मार्चचा असतो, म्हणजे गोदामे भरलेली असतात. त्या साखरेला कोणता भाव धरला यावर नफा-तोटा फिरतो. दोन लाख क्विंटल साखरेला क्विंटलमागे ५० रुपये जादा धरले की कागदावर एक कोटी रुपये वाढतात, पोते मात्र एकही वाढत नाही. म्हणून खर्च आणि प्रत्यक्ष मिळू शकणारी किंमत, यांपैकी जी कमी ती धरावी अशी हिशेबाची रीत आहे.

साठ्याची सुरुवात आपल्याच शेतात होते, हेही विसरू नये. उभ्या उसाची नोंद ही कारखान्याची पहिली यादी. लागवडीची तारीख, जात, क्षेत्र यांत फरक पडला की तोडणीचा कार्यक्रम चुकतो आणि आपलाच ऊस उभा राहतो. तेव्हा नोंद स्वतः तपासून सही करावी.

यंदाच्या सर्वसाधारण सभेला येताना अहवालातली ती ओळ काढून आणा आणि चार प्रश्न खुशाल विचारा : अखेरची शिल्लक किती पोती? भाव कोणता धरला? प्रत्यक्ष मोजणी केव्हा झाली आणि घट किती निघाली? स्टोअरमधला न हलणारा माल किती रुपयांचा? हे विचारणे म्हणजे कुणावर संशय घेणे नव्हे. भागधारक म्हणून त्या गोदामातल्या पोत्यांचे मालक आपणच आहोत.